हसण्याची करणी

भागूआत्या चेटकीण होती असं मानणारी माणसं जांभूळमळ्यात आजही आहेत. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण आत्यानं स्वतःच ते देवळासमोर, दिवसाढवळ्या, पदर खोचून कबूल केलं होतं. मी तिथं उभी होते. बाजारात शेवंतीचा भाव सांगावा तसं ती ते बोलली, आणि कुणी तोंड उघडायच्या आत पुढच्या अटी सांगायला लागली.

मी तिची शेजारीण. आमचे हे अंबडला एका कारखान्यात होते. लग्न नवीन, पगार बेताचा, म्हणून आम्ही मखमलाबादच्याही पुढं, फुलांच्या मळ्यात एक खोली भाड्यानं घेतली. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं आणि नाशिक शहर अजून तिथवर पोचलं नव्हतं. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, मधे विहीर, विहिरीजवळ मारुतीचं देऊळ आणि भोवती पंधरा-वीस घरं, सगळी एकमेकांची चुलत-मावस. आमच्या भिंतीला भिंत लावून आत्याचं घर. ऐन तरुणपणी नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली, भावानं देवळामागचा एक पट्टा तिला कसायला दिला, आणि तेव्हापासून ती सगळ्या मळ्याची आत्या झाली. तिच्याहून मोठी माणसंही तिला आत्याच म्हणायची. मला मात्र ती कधी नावानं हाक मारत नसे. मी ‘कंपनीवाली’.

बुटकी, काटक, बोलताना मान तिरकी करायची सवय, आणि अंबाड्यात रोज शेवंतीचं एक फूल. विधवा बाई आणि डोक्यात फूल, म्हणून मळ्यात कुजबुज असायचीच. मी एकदा भीतभीत विचारलं. म्हणाली, “अगं, ज्याला डाग असतो ते फूल बाजारात कोण घेतंय? मग काय टाकून देऊ? डोक्यात घालते.” मी रोज नीट बघायचे. त्या फुलाला कधी डाग नसायचा.

पण कुजबुजीचं खरं कारण निराळं होतं. जांभूळमळ्यानं ‘नेम’ घेतला होता. मळ्यातले सगळ्यांत वडीलधारे म्हणजे रंगनाथतात्या, त्यांनी तो सुरू केला. सुरुवात चांगलीच होती, ते कबूल करायला हवं. एकेकाळी इथले निम्मे बापे संध्याकाळी बांधावर आडवे पडलेले असायचे. तात्यांनी घरोघरी जाऊन, पाया पडून त्यांची दारू सोडवली. बायका त्यांना देव मानायच्या, आणि मी त्या जागी असते तर मीही मानलं असतं. पण दारू सुटली तरी तात्यांचा उत्साह काही सुटेना. मग कांदा-लसूण बंद झाला. अहो, ज्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर लासलगावला निघालेल्या कांद्याच्या ट्रॅक्टरांमागं माणूस तास तास अडकतो, त्या जिल्ह्यात कांदा बंद. मग चहा गेला. टीव्ही गेला. अंगात येणं, दृष्ट काढणं, सगळं गेलं. बायकांनी फुलं लावायची, खुडायची, पाट्या भरायच्या, पण केसांत माळायची नाहीत. आणि शेवटी मोठ्यानं हसणं गेलं. हसण्यात श्वास फुकट जातो, असं तात्यांचं म्हणणं होतं.

आत्यानं नेम घेतला नाही. तात्या तिला समजवायला आले तेव्हा ती म्हणाली, “तात्या, मी बी सुधरले तर तुम्ही कुणाला सुधरवणार?” तात्यांनी पायात चपला सरकवल्या. ते तसेच परत गेले.

ती त्यांना छळायची पण. संध्याकाळी देवळासमोर नेमाची प्रार्थना असे. सगळे डोळे मिटून, मौन धरून, अर्धा तास. आत्या आधी अंगणात येऊन वाऱ्याची दिशा बघायची. वारा देवळाकडं वाहत असला की आत जाऊन कढईत कांदा परतायची. तो खमंग वास मौनातून सरळ चालत जायचा. मी खिडकीतून बघितलंय, ओळीनं बसलेल्या माणसांच्या नाकपुड्या कशा हलायच्या ते.

आणि याच नेमाच्या बायका दुपारी तिच्या मागच्या दारानं यायच्या. पोर रडतंय, गाय दूध देत नाही, जावेची नजर लागली. आत्या मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची, तडतड झाली की म्हणायची, “बघ, लय लागली व्हती.” मोहरी चुलीत टाकल्यावर तडतडणारच, एवढं तिलाही कळत होतं आणि त्यांनाही. पण पोर गप्प व्हायचं. तात्यांची थोरली सूनही यायची, डोक्यावरून पदर पार नाकापर्यंत ओढून. आत्या तिला म्हणायची, “पदर असा घेतेस, का लांबून बी कळतंय तूच आहेस म्हणून.”

तात्यांची नात सुनंदा आत्याची लाडकी. सोळा वर्षांची, दहावीत नापास झालेली, हसरी. हसरी म्हणजे, आतल्या आत. नेमामुळं तिला हसू दाबायची इतकी सवय झाली होती की हसताना तिचे फक्त खांदे हलायचे.

दसरा जवळ आला होता. झेंडूवाल्यांचे ते दिवस म्हणजे काय असतात ते ज्यानं बघितलं त्यालाच ठाऊक. पोरी आणि सुना अंधारात उठून खुडायला जायच्या, ऊन चढेपर्यंत पाट्या भरायच्या, मग घरकाम, मग दुपारी पुन्हा खुडणी. त्यात नेमातला उपासाचा महिना म्हणून दिवसातून एकदाच जेवण. मला तर त्यांच्याकडं बघूनच चक्कर यायची. एका दुपारी सुनंदा आत्याच्या ओट्यावर टेकली होती, मी शेजारी तांदूळ निवडत होते. आत्या तिच्या कानाशी वाकून म्हणाली, पण मलाही ऐकू येईल असं, “आज प्रार्थनेला आजोबाचा डावा डोळा बघ. भाव घेऊन टेम्पो परत आला ना, हॉर्न वाजला का तेवढा उघडतो. उजवा देवाकडं, डावा बाजाराकडं.”

मळ्याचा सगळा माल एकाच टेम्पोतून शहरात जायचा आणि संध्याकाळी तोच टेम्पो रिकाम्या पाट्या आणि त्या दिवसाचा भाव घेऊन यायचा. वेळ नेमकी प्रार्थनेची.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम दारात उभी राहिले. मौन लागलं. रस्त्यावर हॉर्न वाजला. तात्यांचा डावा डोळा उघडला, टेम्पो बघितला, आणि पुन्हा अलगद मिटला. सुनंदाचे खांदे हलायला लागले. तिनं ओढणी तोंडात कोंबली. पण ते हसू महिनोन् महिने कोंडलेलं होतं, ते कसलं ऐकतंय. ते फुटलंच. तिला बघून शेजारची हसली, तिला बघून तिसरी. एक आई पोरीला दटावायला उठली आणि मधेच तिलाही आवरेना. मी आत पळाले आणि उशीत तोंड खुपसून हसले.

पण ते तिथं थांबलं नाही. हसता हसता सुनंदाला रडू फुटलं, श्वास अडकला, दातखीळ बसली. आणखी दोघी कोसळल्या. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी पुन्हा तेच, आणि मग खुडणीतसुद्धा. एखादी पाटी घेऊन उभी असायची, एकदम हसायला लागायची, आणि हसत हसत झेंडूत पडायची. लग्न झालेल्या सुनांनाही लागण झाली. आता मला हसू येत नव्हतं. संध्याकाळ झाली की मळ्यात एक भीती पसरायची आणि आया आपापल्या पोरींच्या तोंडाकडं टक लावून बसायच्या. आमच्या ह्यांनी शहरातून एक डॉक्टर आणला. तो म्हणाला, अशक्तपणा आहे, पोटभर जेवू द्या, झोपू द्या. दसऱ्याच्या तोंडावर झोपू द्या म्हणणाऱ्या डॉक्टरचं कोण ऐकणार?

एरवी एखाद्या गावात बाई अशी पडली तर म्हणतात, अंगात आलं, देवी आली, आणि ओटी भरून मोकळे होतात. इथं देवीला यायला बंदी. मग उरलं काय? करणी. कुणी तरी केली असणार. भगताला बोलवायलाही बंदी, म्हणून तात्यांनी ‘विचारणा’ ठेवली. तेच सगळं, फक्त नाव नेमातलं. सुनंदाला देवळासमोर बसवलं आणि सगळ्यांदेखत पुन्हा पुन्हा विचारलं, “कोणामुळं हसतेस? नाव सांग.” पोर थकली होती. शेवटी जे खरं होतं तेच बोलली. “आत्यामुळं.”

नाव घेतल्यावर तिला पाणी दिलं, उठू दिलं, आईनं जवळ घेतलं. बाकीच्या पोरी ते बघत होत्या. मग प्रत्येकीनं तेच नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी आत्याच्या पाट्या टेम्पोत चढल्या नाहीत. शेवंती दारातच सुकली. आदल्या दिवसापर्यंत मोहऱ्या ओवाळून घेणाऱ्या बायका लांबून वळसा घालून विहिरीवर जायला लागल्या. तिच्या पत्र्यावर दगड पडायला लागले, एक दगड तिच्या कपाळाला लागून भुवई फुटली. तात्यांचा पुतण्या पांडू आणि चार पोरं बोलत फिरत होती की हिला मळ्याबाहेर काढायची आणि घर पाडायचं. तिला दुसरीकडं कुणीही नव्हतं. तो पट्टा, ते घर आणि ती माणसं, एवढंच तिचं होतं.

मी तिच्या कपाळाला हळद लावत होते. मधेच उठून तिनं चहा गाळला, तो निम्मा कपाबाहेरच. ती घाबरली होती. मी तर पारच घाबरले होते. हे म्हणाले, “आत्या, मी पोलिसांत जातो.”

“पोलीस चार दिवस राहतील,” आत्या म्हणाली. “मला हितंच मरायचंय.”

“मग खरं काय ते सांगून टाका ना,” मी म्हटलं. “डोळ्याची गंमत होती म्हणून सांगा.”

“आणि सांगू काय? तात्या, तुमची नात भर प्रार्थनेत तुम्हाला हसली? तिचा बाप तिला उभी चिरील. नांदगावची सोयरीक यायची हाय पोरीला.” ती मान तिरकी करून थोडा वेळ चुलीकडं बघत बसली. मग म्हणाली, “कंपनीवाले, चेटकीण कशी बोलत असंल गं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर सगळा मळा जमला होता. आत्याला बोलवायला पांडू निघालाच होता, तर तीच आली. पट्टी बांधलेलं कपाळ, डोक्यात टपोरं फूल. तात्यांसमोर उभी राहिली.

“म्या केली करणी,” ती म्हणाली. “हसण्याची. माझ्या आज्जीची विद्या हाय.”

पांडूच्या हातात काठी होती, ती त्यानं हळूच मागं घेतली.

“आता केली मी, तर उतरवणार बी मीच. दुसऱ्या कुणाला येत नाय. मला बाहेर काढायचं तर काढा. पोरी मग अशाच हसत राहतील. सासरी गेल्या तरी.”

सासरी म्हटल्यावर सगळ्या आया एकदम पुढं सरकल्या. तात्यांनी घसा साफ केला. “उतारा काय?”

“सवा महिना पोरींनी आणि सुनांनी सूर्य वर आल्याबिगर उठायचं नाय.”

“आणि खुडायचं कुणी?”

“बाप्यांनी.”

तात्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच खरी काळजी दिसली. “सवा महिना जास्त होतो. दसरा-दिवाळीचा माल आहे. आठवडा करा.”

“आठवड्यात करणीचं शेपूट बी निघत नाय. दिवाळीपर्यंत.”

तात्या व्यापाऱ्यांशी उभा जन्म घासाघीस केलेला माणूस. त्यांनी ‘बरं, दिवाळी’ म्हटलं आणि सौदा पटल्यासारखी मान हलवली. मग आत्यानं एकेक काढलं. पोरींना दोन वेळा पोटभर जेवण. भाजीत कांदा. कांदा कशाला म्हणून पांडूनं विचारलं, तर म्हणे, “करणी कांद्याला भिते.” सकाळी गुळाचा चहा. सुनंदाची आई दबकत बोलली, “चहा तुमच्या हातचा?” आत्यानं कपाळावरची पट्टी चाचपली. म्हणाली, “नको. ज्याच्या त्याच्या घरी करा.” मग, दर पोरीच्या केसांत एक फूल. मग, करणी उतरेपर्यंत तिच्या पाट्या टेम्पोत सगळ्यांत आधी. आणि जाता जाता वळून म्हणाली, “तात्या, तुम्ही प्रार्थनेला तोंड विहिरीकडं करून बसायचं. रस्त्याकडं नाय.”

तात्यांनी तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग खाली बघून म्हणाले, “बसतो.”

डॉक्टरनं जे सांगितलं तेच तिनं सांगितलं होतं. पण डॉक्टरला भीत कोण होतं? पुढचे दिवस मी विसरणार नाही. मळ्यातले सगळे बापे अंधारात झेंडूत वाकलेले, आणि पांडू दर ओळीला एकदा कमरेवर हात ठेवून आकाशाकडं बघतोय. त्यांनी खुडलेल्या फुलांत निम्म्या कळ्या आणि पाला असायचा. बाजारातून तक्रारी आल्या. पोरी उन्हं येईपर्यंत झोपायच्या, कांद्याची भाजी खायच्या, फूल माळून ओट्यावर बसायच्या. हळूहळू झटके कमी झाले, आणि दिवाळीच्या आधीच थांबले. तरी आत्यानं मुदत पुरी करून घेतली. सुनंदाचं नांदगावला लग्न झालं. कांदा पुन्हा बंद झाला तो नावापुरता, आणि चहा काही बंद झाला नाही. नेमाच्या घराघरांतून सकाळी आलं घातलेल्या चहाचा वास यायला लागला.

आत्याचा पट्टा राहिला, घर राहिलं, पाट्या शेवटपर्यंत टेम्पोत पहिल्या चढल्या. पण ज्या मळ्यात तिच्यामुळं चहा आला, त्या मळ्यात तिच्या घरचा चहा कुणी प्यायला नाही. पाणीसुद्धा नाही. दृष्ट काढायला यायच्या, आधीपेक्षा जास्तच, पण उंबऱ्याच्या बाहेरून. लांबच्या गावांहून करणी करून मागायला माणसं येत, त्यांना ती सांगायची, “त्ये दुकान दिवाळीला बंद झालं.”

मग तिनं एक खेळ काढला. ओट्यावर बसायची आणि जो समोरून जाईल त्याला विचारायची, “चहा घेतो का?” समोरचा गडबडायचा. आत्ताच झाला. उपास आहे. पित्त झालंय. पांडू एकदा म्हणाला, दात काढलाय. आत्या गंभीरपणे म्हणाली, “बघू?” त्याला तोंड उघडून दाखवावं लागलं, आणि दात सगळे जागच्या जागी होते. संध्याकाळी ती मला एकेक सबब नक्कल करून दाखवायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. मी प्यायचे तिचा चहा. पण माझं ती धरत नसे. म्हणायची, “तू भाडेकरू. तुझ्या पिण्यानं काय व्हतंय.” एवढं बोलून कपबशी विसळायला उठायची.

पुढं आम्हाला अंबडजवळ घर मिळालं. मी अधूनमधून जायचे. दर खेपेला मळा थोडा कमी झालेला असे, झेंडूच्या जागी प्लॉटचे दगड आणि बिल्डरांचे बोर्ड. दोन हजार सालानंतरच्या एका दिवाळीत गेले, ते माझं तिला शेवटचं भेटणं. तात्या त्याच वर्षी पावसाळ्यात वारले होते. आत्या वाळून लहानशी झाली होती, पण फूल होतं. तिनं माझ्यापुरता चहा केला, पातेल्यातलं उरलंसुरलं दूध त्यात संपवलं, आणि आम्ही ओट्यावर बसलो.

रस्त्यानं एक बाई चालली होती, हाताला सात-आठ वर्षांची मुलगी. आत्यानं न बघताच, सवयीनं आवाज टाकला, “चहा घेते का?”

“घेते, आत्या.”

सुनंदा होती. चपला काढून सरळ ओट्यावर येऊन बसली. आणि आत्या, जिला मी कधी शब्दाला अडलेली बघितली नव्हती, ती नुसती उभी राहिली. घरात दूध नव्हतं. इतकी वर्षं सगळ्या मळ्याला विचारत होती, पण दूध एका कपापुरतंच आणायची. मी माझा कप पुढं केला तर माझ्यावरच खेकसली, “उष्टा देतेस काय पोरीला?” मग आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. आलेला चहा कोरा होता आणि बशी दोनदा विसळलेली, ओली.

सुनंदानं घोट घेतला. म्हणाली, “आजोबा शेवटी शेवटी डोळे मिटून पडलेले असायचे, आत्या. कुणाला ओळखायचे नाहीत. पण बाहेर हॉर्न वाजला ना…”

“डावाच?” आत्यानं विचारलं.

“डावाच.”

सुनंदाचे खांदे हलायला लागले. आत्यानं पदर तोंडाला लावला. मग दोघी ज्या हसायला लागल्या, त्या हसतच राहिल्या, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी. विहिरीवर चाललेल्या दोन बायका थबकल्या आणि घाईनं पुढं निघून गेल्या. सुनंदाच्या मुलीला काही कळलं नव्हतं, पण तीही हसत होती.

डोळे पुसून सुनंदानं कप रिकामा केला.

“साखर विसरलीस, आत्या,” ती म्हणाली, आणि कप पुढं केला. “अजून अर्धा दे.”